अडखळलं की बाद

मंडळी, रेडिओवर वर्षानुवर्षं चाललेला एक विनोदी खेळ आम्ही गाडीत ऐकतो आणि खेळतोही. दिलेल्या विषयावर मिनिटभर बोलायचं, अडखळलं की बाद.

आज इथं आखातातल्या आमच्या शहरात, अबू हमूर भागात जाताना लेकीला मी विषय दिला, आजोबा. एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी ती आपणहून मराठीत बोलू लागली. "आजोबा फोनवर आधी विचारतात, जेवलीस का? मग ते..." आणि थांबली.

"खलास, बाद," मी सवयीनं म्हणाले.

"फाइन," म्हणत तिनं हेडफोन लावले.

नवरा हळूच म्हणाला, "अगं, शब्द शोधत होती ती."

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "आजोबांचं राहिलं ना? सांग, घड्याळ लावत नाही."

"नेक्स्ट टाइम, आई."

तुमची मुलं मराठीत अडखळली, तर तुम्ही किती वेळ गप्प राहू शकता?