बापाने घेतली नव्हती

फ्लूने भट्टीवर काम करणाऱ्या एका कामगाराचा बाप गेला त्याच आठवड्यात कारखान्यात लस द्यायला नर्सबाई आली. त्या कामगाराने तिचं टेबल लाथेने उडवलं आणि तिचा गळाच धरला.

"तुझी सुई घेऊनच माझा बाप गेला."

लोकांनी त्याला खाली पाडून तोंड फुटेस्तोवर बडवलं. बाई कशीबशी म्हणाली, "त्यांनी घेतलीच नाही. मी घरी गेले, तर काठी उगारून हाकललं. म्हणाले, पोराला 'घेतली' असंच सांगेन, नाहीतर तो डोकं खाईल."

ही भाषा बापाचीच होती. रक्त थुंकत तो हमसून हमसून रडला.

चार दिवसांनी तिच्या दवाखान्यात जाऊन त्याने दंड पुढे केला. बाईने आधी दार सताड उघडलं, मग लस टोचली.