मीटर तिच्या बाजूला आहे

मित्रहो, पत्नीच्या निधनानंतर आज प्रथमच केळी भरलेला ट्रेलर घेऊन असीरगडचा घाट चढलो.

इंजिनातून निघणाऱ्या धुराचे तापमान दाखवणारा मीटर मी डावीकडे, तिच्या आसनासमोर बसवला होता. काटा चढू लागला की ती म्हणे, "अहो, खालचा गिअर टाका. केळी काही पळून जात नाहीत."

आज तसे कोणी म्हणाले नाही. आरशात काळा धूर दिसला, तेव्हा वाकून पाहिले. काटा लाल पट्ट्यात होता. इंजिन थोडक्यात वाचले.

बुऱ्हाणपुरात परतल्यावर मिस्त्री म्हणाला, "साहेब, मीटर तुमच्यासमोर घेऊन टाकू ना! वाकून वाकून मान मोडेल."

मला 'हो' म्हणता आले नाही. माझ्यासारखे जे एकटे आहेत, त्यांना ते किती दिवसांनी म्हणता आले?