अक्काआत्याचे प्रश्न

आमच्या अक्काआत्याला प्रश्न विचारायची लाज कधी वाटली नाही. मालाडच्या बाजारात ती कोळणीला तोंडावर विचारायची, "सुरमई आजची की कालची? खरं सांग, मी कुणाला बोलणार नाय." लग्नघरात भटजींना मंत्राचा अर्थ विचारायची आणि ते गडबडले की आम्हा मुलांकडे बघून डोळे मिचकावायची. बाबा तिचे सख्खे धाकटे भाऊ, पण तिच्यासोबत चारचौघांत जायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा.

तिचे यजमान, आमचे आतोबा, अगदी उलट. एका कंपनीची मशिनं दुरुस्त करायला गावोगाव फिरायचे. घरी असले तरी जेमतेम बोलायचे. एकदा त्यांचा ताप हटेना, अंग वाळत गेलं, आणि तपासणीत एचआयव्ही निघाला. फिरतीवर असताना एका बाईशी संबंध आला होता, हे त्यांनी त्याच संध्याकाळी आत्याला स्वतःहून सांगितलं.

त्या वर्षी गणपतीला आत्या आमच्याकडे बोरीवलीला एकटीच आली. मोदक वळता वळता आईला म्हणाली, "चुकले ते एक, आजारी पडले ते दुसरं. पहिल्यासाठी मी जन्मभर भांडेन. पण दुसऱ्यासाठी त्यांना टाकू कशी गो?" मग पदराने डोळे पुसून पुन्हा मोदक वळायला लागली.

तिची स्वतःची तपासणी निगेटिव्ह आली. लागण अगदी ताजी असेल तर पहिल्या तपासणीत दिसत नाही, हे तिने विचारून घेतलं होतं, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा केली. तीही निगेटिव्ह.

नातेवाईक मात्र बिचकले. आत्याच्या चुलत जावेने आतोबांना कागदी ताटलीत जेवण वाढलं आणि हळूच विचारलं, "आणि डास चावला तर?"

"डासानं होत असतं तर अख्खं मालाड एव्हाना रिकामं झालं असतं," आत्या म्हणाली. "ताटातनं नाय होत, पाण्यातनं नाय होत, मिठी मारून तर नायच नाय. स्टीलचं ताट आण."

पण खरं अवघड घरातच होतं. आतोबा गॅलरीत चटई टाकून झोपू लागले. आत्याच्या हाताला हात लागला तरी दचकायचे. हे तिने मला तुषारशी माझं लग्न ठरल्यावर सांगितलं. ओट्याशी उभ्या राहून आम्ही दोघी कोळंबी सोलत होतो.

"राग माझा होता, आणि लांब तेच पळत होते. मग त्यांना धरून दवाखान्यात समुपदेशक मॅडमकडे नेलं आणि विचारलं, आम्हाला नवरा-बायकोसारखं राहता येईल की नाही? हे खाली बघून घामाघूम!"

"मॅडम काय म्हणाल्या?"

"येईल म्हणाल्या. कंडोम प्रत्येक वेळी, सुरुवातीपासून. वर खोबरेल तेल लावायचं नाही, रबर फाटतं. गोळी रोज, एक दिवस चुकवायची नाही. पुढे रक्ततपासणीत विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की संबंधातूनही लागण होत नाही." कोळंबीचा काळा दोरा ओढून काढत ती म्हणाली, "मग गॅलरीतली चटई मी गुंडाळून माळ्यावर टाकली."

मी लाजून हसले. तिने कोपराने ढोसलं. "हसतेस काय? तू आणि तुषार दोघं तपासून घ्या. संशय म्हणून नाय गं. माझा तर ह्यांच्यावर कधीच संशय नव्हता."

तुषारला आधी राग आला, पण आम्ही दोघांनी तपासणी केली. त्या निमित्ताने पूर्वीच्या ज्या गोष्टी एकमेकांना सांगायच्या राहून गेल्या होत्या, त्याही सांगून झाल्या. आजही आम्हाला असं काही बोलायचं असलं की फारशी प्रस्तावना लागत नाही. हे आत्याचंच देणं.

आधी आतोबा जाणार, असं सगळे धरून चालले होते. गेली ती आत्या, हृदयविकाराच्या झटक्याने, दुपारी भाजी निवडताना. तेराव्याला तीच चुलत जाऊ माझ्या शेजारी बसून पुटपुटली, "शेवटी त्यानंच दिलं असणार तिला."

मी तोंड उघडण्याआधीच समोर बसलेले आतोबा बोलले.

"नाही वहिनी. माझ्यामुळे तिला खूप त्रास झाला, पण हा आजार नाही झाला. तिचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह होते." सगळ्या पंगतीचे हात थांबले होते. "आणि आम्ही वेगळे राहत नव्हतो. शेवटपर्यंत नवरा-बायकोसारखे राहिलो. नीट काळजी घेऊन."

मग त्यांनी मान खाली घातली आणि पानातला पहिला घास घेतला.