सुखदेवच्या व्हॅनचं काय करायचं?

गॅरेजवाल्याकडे दोनच गोष्टी साचतात, भंगार आणि किस्से. भंगार निदान भंगारवाला उचलून नेतो. किस्से कोणी नेत नाही! आमच्या भंडाऱ्याच्या गॅरेजात तर आता अशी गत झालीय की एक गाडी आत आली की तिच्यामागे चार जुन्या गाड्या आठवतात. पण परवाच्या दिवाळीत एका पांढऱ्या व्हॅनने एकटीने इतके किस्से दिले की बाकीच्या सगळ्या मागे पडल्या.

व्हॅन आंबागडच्या सुखदेवची. सकाळी शाळेची पोरं सोडायची, दुपारी परत आणायची, मधल्या वेळात कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर न्यायचं. यावरच त्याचं घर चालतं. त्या दिवशी नाकाडोंगरीची एक बाई बाळंतपणात अडली होती. तिला आणि तिच्या सासूला घेऊन हा भंडाऱ्याला निघाला. वरठीच्या पुढे रेडिएटरचा पाइप फुटला. वाफ निघाली, तापमानाचा काटा लालवर गेला. सुखदेव थांबला नाही. दवाखान्याच्या गेटात व्हॅन शिरली आणि तिथेच इंजिन जाम झालं.

बाई सुटली. पोरगी झाली, पण फार अशक्त. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि व्हॅन ट्रॅक्टरला बांधून आमच्याकडे आली.

सुट्ट्या संपून शाळा उघडायच्या आत गाडी रस्त्यावर यायला हवी होती. नाहीतर पोरांचे आईबाप दुसरी व्हॅन लावणार, आणि एकदा लावली की ती लावलीच. प्रश्न एवढाच होता, इंजिन दुरुस्त करायचं की बदलायचं?

*

गॅरेजचा मालक मी, पण इंजिनाचा मालक ईस्तारी मिस्त्री. मी कायम बदलायच्या बाजूने, तो कायम दुरुस्तीच्या. 'नवीन' हा शब्द त्याला शिवीसारखा लागतो. त्याच्या चष्म्याची एक दांडी कधीची तुटलीय, तिथे त्याने क्लच केबलची तार गुंडाळून ठेवलीय.

मी एकदा वैतागून म्हटलं, "मिस्त्री, इंजिन राहू द्या, चष्मा तरी बदला!"

"काहून? दिसून तर रायलं!"

अशा माणसापुढे सुखदेवची व्हॅन आली. त्याने इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, खोललं. हेड वाकलेलं, पिस्टन चिकटलेले. मी म्हटलं, "बदला." तो म्हणाला, "पाहू." त्याचं हे 'पाहू' म्हणजे आठवडाभराची निश्चिंती असते. एरवी मी भांडलो असतो. पण सुखदेवच्या चेहऱ्याकडे पाहून मलाही घाई करवली नाही.

*

सुखदेव रोज आंबागडहून एसटीने यायचा आणि उघड्या इंजिनासमोर स्टूल टाकून बसायचा. बोलायचा नाही. हा गाडीला इतका जपणारा की काटा अर्ध्याच्या जरा वर गेला तरी सावलीत गाडी उभी करायचा. त्यामुळे येणारे-जाणारे त्याला जास्तच टोचायचे.

एका ट्रकवाल्याने तर तोंडावरच विचारलं, "एवढे वर्स गाडी चालवून रायला, अन् तुले काटा नाई दिसला?"

"दिसला होता," सुखदेव म्हणाला.

ट्रकवाला वाट पाहत राहिला, आता हा पुढे काहीतरी सांगेल म्हणून. सुखदेवने स्टूल इंजिनाच्या आणखी जवळ ओढलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या बायकोचा, कुंदावहिनीचा, मला फोन आला. मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर भांडणार. ती शांतपणे म्हणाली, "भाऊजी, दुरुस्त करा का बदला, ते तुमी पाहा. मले एवढंच सांगा, यांचा सैंपाक घरी करू, का तुमीच जेवायले घालून रायले?"

मी फोन सुखदेवच्या हातात दिला. त्या दिवशी तो पहिल्यांदा लवकर घरी गेला.

*

आमच्या गॅरेजात काम नसताना रोज येणारं गिऱ्हाईक म्हणजे कारध्याचे यादोरावकाका. धानाची शेती, जुनी जीप आणि प्रत्येक गोष्टीवर सल्ला. व्हॅन आली त्या दिवशी हे दवाखान्यात कोणाला तरी भेटायला गेले होते. ट्रॅक्टरच्या मागेमागेच गॅरेजात आले आणि छाती काढून सांगू लागले, "मी होतो म्हणून गाडी जळाली नाई! हे वाफ निघून रायली होती. धावत गेलो, अन् बादलीभर थंडगार पाणी मारलं इंजिनवर!"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी मिस्त्रीकडे पाहिलं.

सुखदेवला ते म्हणाले, "तू बदलाच्या भानगडीत पडू नोको. माह्या जीपचं आठव!"

त्यांच्या जीपचं आम्हा सर्वांना पाठ होतं. जीप ओढेना, काळा धूर टाकायची. बाहेरच्या एका मेकॅनिकने इंजिन बदलायला सांगितलं. काका आमच्याकडे आले, मिस्त्रीने आधी एअर फिल्टर उघडला, तर आत गच्च धान! जीप कोठाराजवळ उभी असायची आणि उंदरांनी तिथे वर्षाची बेगमी करून ठेवली होती.

आम्ही हसत होतो. काका मात्र गंभीर. चार दाणे तळहातावर चोळले, नाकाशी नेले आणि ओरडले, "अबे, हे तर चिन्नोर हाये! मी तर ठोकळ धान लावतो. हे भावाच्या कोठीतलं होय!"

इंजिन वाचलं त्याचा आनंद राहिला बाजूला. आपल्या उंदरांनी भावाच्या घरचं बारीक, वासाचं धान आणलं, याचाच आनंद त्यांना जास्त झाला.

*

शेवटी मिस्त्रीने ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मूळ सांगाडा, तपासायला घेतला. आमची पद्धत अगदी पंक्चरवाल्याची. सगळी भोकं बंद करायची, आत हवा भरायची आणि ब्लॉक हौदात सोडायचा. तडा नसेल तर पाणी शांत राहतं.

आम्ही चौघं हौदावर वाकलो. क्षणभर पाणी शांत होतं. मग एका बाजूने बुडबुड्यांची माळ वर आली.

"मासोळी गिन हाये का गा आत?" काका म्हणाले.

मिस्त्रीने बुडबुड्यांच्या जागेवर बोट ठेवून पाहिलं. हेड त्याने सरळ करून आणलं असतं, पिस्टन बदलले असते. तडकलेल्या ब्लॉकपुढे त्याचंही काही चालणार नव्हतं. तो हळूच म्हणाला, "बदलाव लागते, सुखदेव." त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी जिंकलो होतो, पण मला अजिबात बरं वाटलं नाही. दुरुस्त करता येत नाही हे कबूल करायला किती जड जातं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"पन तडकलं कायनं?" काकांनी विचारलं.

"गरम ब्लॉकवर कोणीतरी थंड पानी मारलं," मिस्त्री म्हणाला.

"कोन होता गा तो गाढव?"

सुखदेव खाली पाहत म्हणाला, "लय गर्दी होती काका. मी नाई पाह्यलं."

काका तसेच घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मात्र जीप घेऊन दारात हजर. "चला, नागपूरले इंजिन पाहाले जाऊ. गाडी माही, डिझेल माह्यं. कोनं कायी बोलाचं नाई!"

*

नागपूरला जुन्या इंजिनांच्या दुकानात एक चांगलं इंजिन सापडलं. मिस्त्रीने हात घालून, कान लावून, वास घेऊन पाहिलं. दुकानदार कौतुक करत होता, "एक डॉक्टरसाहब की गाड़ी का है। घर से दवाखाना, दवाखाने से घर, बस!"

सुखदेव कितीतरी दिवसांनी हसला. "मंग याले आमच्या रस्त्याची सवय कराव लागन!"

*

इंजिन बसलं, कागदपत्रांचं झालं, शाळा उघडायला अजून अवकाश होता. गाडी न्यायला सुखदेव आला त्याच दिवशी दवाखान्याने पोरीला घरी न्यायला सांगितलं. ती आता पेटीबाहेर होती, दूध पीत होती. तिची आजी ऑटो करून सुनेला आणि नातीला घेऊन थेट गॅरेजात आली. दुसऱ्या गाडीने जायला तयारच नाही! त्या दिवशी वरठीपासून 'पळव, पळव' म्हणून सुखदेवच्या मागे लागलेली हीच म्हातारी, आज मागच्या सीटवर पोरीला मांडीवर घेऊन म्हणाली, "हळू चालवजो बापू, लेकरू झोपलं."

सुखदेवने किल्ली लावली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मिस्त्री वाकून ऐकत होता.

सुखदेवने ते पुन्हा बंद केलं आणि खाली उतरला. जुनं इंजिन भिंतीशी पडलं होतं, तिकडे पाहत मिस्त्रीच्या जवळ आला. इतके दिवस त्याने जे विचारलं नव्हतं, ते आता हळू आवाजात विचारलं.

"खरं सांगजा मिस्त्री. मी तठीच थांबलो असतो, पानी थंडं होऊ देल्लं असतं, तं वाचलं असतं ना?"

मिस्त्रीने चिंधीला हात पुसले. मागच्या सीटकडे एकदा पाहिलं.

"हो. इंजिन वाचलं असतं."