पाच जणांची पाळी

फुकट मिळणाऱ्या वस्तूचीही घासाघीस करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साहेब होता. दिवाळीत कुणी कॅलेंडर भेट दिलं तर हे विचारत, "दोन घेतली तर वर काय द्याल?" नाशकात सातपूरच्या एका पाइपच्या कारखान्यात ते कंप्युटर विभागाचे प्रमुख होते. मूळचे सटाण्याकडचे. गंगापूर रोडला राहून वीस वर्षं झाली तरी डोकं शेताच्या बांधावरच. आम्हा तिघांना मिसळ खायला नेलं की प्लेटी दोनच मागवत. "तोंडं चार असली तरी घास एकदम थोडेच घेतो आपण?" रस्सा मात्र चार वेळा मागवत. विभागात कात्री एकच होती आणि ती खिडकीच्या गजाला दोरीनं बांधलेली असे. कापायचं ते तिथे जाऊन, रांगेत उभं राहून कापायचं.

दोन हजार सालच्या आसपास मालकांनी रिपोर्ट काढायचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. तोवर विक्रीचे, मालाचे रोजचे रिपोर्ट कुसुमताई टाइप करून टेबलाटेबलावर पोचवत. नवरा गेलेला, मुलगी बारावीत. मालक साहेबांना म्हणाले, "सॉफ्टवेअर आलं की बाईंचं काम संपलं. त्यांचा पगार लायसनला जाईल." साहेब कागदावर आकडे मांडत बसले, म्हणजे त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं.

पुण्याचा विक्रेता आला. म्हणाला, सॉफ्टवेअरला एक ॲप्लिकेशन सर्व्हर लागेल, त्याचं लायसन वेगळं. शिवाय वापरणारे पंचवीस, तर सॉफ्टवेअरची लायसनं पंचवीस. साहेबांनी विचारलं, "हा सर्व्हर करतो काय?" तो म्हणाला, "लोकांच्या मागण्या घेतो, पाळीपाळीनं आत सोडतो, उत्तर आणून देतो." साहेब खूश झाले आणि खूश झाले की त्यांची अहिराणी बाहेर पडे. "मंग हाऊ ते पाटकरीच शे!" त्यांच्या बागलाणात पाटाचं पाणी पाळीनं एकेकाच्या शेतात सोडतो तो पाटकरी. "पाटकऱ्याला एवढा पगार नाही परवडत," म्हणून त्यांनी विक्रेत्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग तीन आठवडे आम्ही एक फुकटचा सर्व्हर तपासला. तो उत्तम चालला, तरी साहेबांनी विचारलंच, "याहून स्वस्त नाही का?" सॉफ्टवेअरची लायसनं त्यांनी पाचच घेतली, म्हणजे एका वेळी कोणीही पाच जण. मालक म्हणाले, "पंचवीस जण भांडतील की!" साहेब म्हणाले, "म्हणून तर पाळी लावणारं माणूस हवं," आणि कुसुमताईंचं नाव पुढे केलं. वाचलेला खर्च पाहून मालकांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ताई वही आणि फोन घेऊन बसल्या. "शिंदेभाऊ, दहा मिनिटं झाली तुमची. निघा आता, खरेदीवाले खोळंबलेत." मॅनेजर लोक त्यांना मालकांपेक्षा जास्त भिऊ लागले.

मी तेव्हा नवा होतो आणि हुशारीचा ताठा भरपूर होता. सॉफ्टवेअर उघडून नुसता बसून राहिलेल्याला आपोआप बाहेर काढून पुढच्याला आत घेण्याची सोय त्या सर्व्हरमध्ये होती, हे मी शोधून काढलं. एका ओळीचं काम. साहेबांना दाखवून म्हणालो, "आता ताईंची गरजच नाही."

त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. "चालते?"

"चालते. तपासलीय."

"छान लिहिलीस. पण तिच्यापुढे खूण टाकून ठेव, सर्व्हरनं वाचू नये अशी." मी का म्हणून विचारलं. "ताईंच्या मुलीचं इंजिनियरिंग आताच सुरू झालंय," एवढंच म्हणून ते कात्रीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

पुढे साहेब निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत गेले. त्यांची खुर्ची मला मिळाली. हे आपोआप नाही का होत, असं मालक अधूनमधून विचारायचे. ताईंइतकं नीट नाही होत, असं मी सांगायचो. गेल्या महिन्यात ताईही निवृत्त झाल्या. जाताना वही माझ्या हातात देत म्हणाल्या, "आता ती खूण काढा. साहेबांनी मला तेव्हाच सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी मी खूण काढली. पंचवीसही जणांचं सुरळीत चाललं, कुणाचा फोन आला नाही. मला साहेबांची फार आठवण आली. दुपारपर्यंत मी दोनदा फोन उचलून पाहिला, बंद तर पडला नाही ना म्हणून.