बांधावरचा तर्कशास्त्राचा तास

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास मी तिथल्या एका तालुक्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होतो. साऱ्या गावाला नव्या कलेक्टर कचेरीचं कौतुक. मला मात्र दर जूनमध्ये एकच घोर, विद्यार्थ्यांचा. आमच्याकडे प्राध्यापकानेच गावोगाव फिरून आपल्या विषयाला पोरं गोळा करायची. इतिहासवाले, मराठीवाले आणि मी एकाच एसटीने जायचो आणि एकमेकांचे विद्यार्थी पळवायचो. तत्त्वज्ञान घेऊन नोकरी लागते का, असं आईबाप विचारत. मी खरं सांगायचो, म्हणून माझा वर्ग कायम लहान.

मी लोह्याकडच्या बौद्ध घरातला. बौद्धांच्या अनुमानविचारावर पीएच.डी. करायचं ठरवलं, तेव्हा मार्गदर्शकांनी 'तुम्हा लोकांना झेपेल असं काहीतरी' घ्या म्हणून सुचवलं. मला भयंकर राग आला. तो राग मी सात वर्षं पुरवून वापरला आणि त्याच विषयावर प्रबंध पुरा केला.

पुढे दुष्काळ पडला आणि माझा सगळा वर्ग जवळच्या एका गावात रोजगार हमीवर पाझर तलाव खोदायला गेला. त्यातच विद्यापीठाची समिती येणार असल्याचं कळलं. वर्गात पोरं दिसली नाहीत तर विषय बंद, असं प्राचार्यांनी बजावलं आणि वर सल्ला दिला, की इतिहासाची पोरं तासापुरती तुमच्या वर्गात बसवा, सगळेच बसवतात. मी साफ नाही म्हणालो. रोज सायकलवरून कामावर जायचो आणि भाकरीच्या सुट्टीत बांधावर तास घ्यायचो. असा तास हजेरीत धरता येत नाही, म्हणून प्राचार्य चिडले. चिडेनात का!

समिती आली. मी तिला रिकामा वर्ग दाखवला आणि तिथूनच जीपमध्ये बसवून थेट तलावावर नेलं. अध्यक्ष रुमालाने मान पुसत खाली उतरले. समोर माझ्या वर्गातली, त्या गावच्या बौद्धवाड्यातली एक मुलगी भाकरी सोडून उठली होती. त्यांनी तिला अनुमानाचं उदाहरण विचारलं. डोंगरावरचा धूर आणि त्यावरून अग्नी, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

"टँकर आदी वरल्या आळीला थांबतो, मग उरलं तर आमच्याकडं येतो," ती म्हणाली.

"कशावरून?"

"तिथल्या दारातल्या तुळशी हिरव्यागार हायत. आमच्याकडं प्यायला पाणी न्हाई."

अध्यक्षांना चूक सापडल्याचा आनंद झाला. "म्हणजे टँकर थांबलेला तू स्वतः पाहिला नाहीस."

"बघाय गेलं की हाकलून देतेत, सर. म्हणून तर अनुमान करावं लागतंय."

मुकादमाने शिट्टी मारली, तशी ती टोपलं उचलून कामाला लागली. मला इतका अभिमान वाटला की समितीला चहा विचारायचंही राहून गेलं.

विषय वाचला. अहवालात मात्र शेरा आला: 'उदाहरणे क्रमिक पुस्तकातील द्यावीत.' त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी पुस्तकातलं एकही उदाहरण दिलं नाही.