रडका सूर
माझे भाऊजी सॅक्सोफोन वाजवतात हे ताईच्या लग्नात आमच्याकडे कोणालाच धड कळलं नव्हतं. वडिलांना वाटलं, जावई हॉटेलात नोकरीला आहे. तेही खरंच होतं. गिऱ्हाइकं सूप भुरकत असताना कोपऱ्यातल्या डुगडुगत्या फळ्यांवर भाऊजींनी उभं तारुण्य अक्षरशः उभ्याने काढलं. बँडचा आणि वाढप्यांचा कोट एकाच कापडाचा, त्यामुळे कोणी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलंच तर पाणी मागायला.

चाली मात्र ते स्वतः बांधायचे. कपबशा विसळायच्या खोलीबाहेर, बोळात, उलट्या क्रेटवर बसून. त्यातली एक रेकॉर्ड झाली आणि तिनेच घात केला. जॅझची रीत अशी, की चाल सगळ्यांनी मिळून वाजवायची आणि मग एकेकाने आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं. भाऊजींची पाळी आली आणि नेमकी रीड चिरली. रीड म्हणजे वाद्याच्या तोंडाशी बसवलेली पातळ पट्टी. ती गेली की सूर निघता निघत नाही. स्टुडिओवाला पुन्हा घ्यायला तयार होईना. मग जो एक घोगरा सूर कसाबसा निघत होता तोच ताणून भाऊजींनी वेळ मारून नेली.

लोकांनी त्याला 'रडका सूर' असं नाव ठेवलं. म्हणे त्यात आयुष्यभराचं दुःख आहे. दुःख कसलं डोंबलाचं! रीड चिरली होती हो, असं भाऊजी ज्याला त्याला सांगायचे. लोक म्हणायचे, किती हा विनय.

हॉटेलाने बँड मोडला तेव्हा ते संगीतशाळेत शिकवायला लागले. तिथेही येईल तो आधी रडका सूर मागायचा. भाऊजींचं डोकं फिरायचं. माझं पाठ करू नका, तुमचं बोला, असं सांगून त्यांच्या घशाला कोरड पडली. ऐकतंय कोण? पोरं मान डोलवायची आणि घरी जाऊन रेकॉर्ड घोटायची.

एकच विद्यार्थिनी वेगळी निघाली. आम्ही तिला चष्मिष्ट म्हणायचो. ती अडखळायची, वाट चुकायची, पण स्वतःचं वाजवायची. सरावाला ती घरी यायची, तेव्हा ताईने जेवायला दोनदा हाक मारली तरी भाऊजी बंद दाराबाहेर तिचा सराव ऐकत उभे. निवृत्तीच्या कार्यक्रमात सत्कार नको, भाषणं नकोत, त्यांनी मला सांगितलं. माझ्या चालीवर ती तिचं बोलली की मी सुटलो, म्हणाले. तिलाही त्यांनी तसं बजावलं होतं.

त्या संध्याकाळी चाल झकास झाली. मग तिची पाळी आली. मला लगेच कळलं, आणि भाऊजींच्या चेहऱ्याकडे बघायचा धीर होईना. रेकॉर्डमधलं जसंच्या तसं, श्वाससुद्धा तिथल्या तिथे. आणि शेवटी तो घोगरा सूर, हुबेहूब. सभागृहात रुमाल निघाले. मला मात्र उठून ते वाद्य तिच्या हातून हिसकावून घ्यावंसं वाटत होतं.

खाली उतरल्यावर ती धावतच आली. "सर, तुम्ही खरंच सांगत होता. साध्या रीडवर तो सूर येतच नाही. ब्लेडने चिरल्यावर जमलं. किती रीड फुकट गेल्या!"

मग तुझं काय झालं, असं भाऊजींनी विचारलं.

"माझं काय, सर, कधीही वाजवेन. आज तुमचा दिवस होता."

छान वाजवलंस, एवढंच ते म्हणाले. घरी जाताना ताई आपली खुशीत होती, लोक कसे उभे राहिले ते सांगत होती. भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढ्या वर्षांत एकीने माझं खरं मानलं रे. आणि तेही नेमकं नको ते."